माझ्या वतीने

मी दात बनवते, आणि त्या दिवशी माझेच दात वाजत होते. आयकर कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर हातात टोकन घेऊन बसले होते, आणि समोरच्या पाटीवर माझा नंबर लागला. खिडकीतल्या बाईंनी मान उंच करून इकडेतिकडे पाहिलं. मी उठले, पर्स खांद्याला अडकवली आणि... खिडकीऐवजी जिन्याकडे चालू लागले. चालू लागले कसली, पळालेच.

हे काही पहिल्यांदा नव्हतं. मागच्या वेळी तर मी फाटकापर्यंतच पोचले होते. पहारेकऱ्याने काय काम आहे एवढंच विचारलं, तर मी त्याला पोस्टाचा रस्ता विचारून परत फिरले. बिचाऱ्याने हातवारे करकरून समजावून सांगितला, आणि मला त्याच्या समाधानासाठी तेवढं चालत जावं लागलं.

तर मी जिना उतरणार, तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवरून काहीतरी टक्‌टक् करत खाली आलं आणि माझ्या चपलेपाशी थांबलं. वाकून पाहिलं. दात होता. म्हणजे दाताची कॅप, वरची, पुढची. आणि खरं सांगू का, बनवणाऱ्याने अगदीच पाट्या टाकल्या होत्या.

वर एक तरुण बसला होता. मांडीवर फायलींची चळत, तोंडावर हात घट्ट, आणि डोळ्यांत अशी काही घबराट की माझी स्वतःची भीती क्षणभर मागे सरली. फायलीच्या दोरीची गाठ दातांनी सोडायला गेला होता शहाणा.

तोंडावरचा हात न काढता त्याने सांगितलं की आत्ता, थोड्याच वेळात, वरच्या मजल्यावर त्याला एका आजोबांची बाजू मांडायची आहे. तो कर सल्लागार होता. आणि असं बोळकं घेऊन बोललो तर साहेब ऐकतील की हसतील, हे काही तो सांगू शकत नव्हता.

"हात काढा," मी म्हटलं.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. डॉक्टर नुसतं बसवतात. मी बनवते."

माझ्या पर्समध्ये कवळी चिकटवायच्या पेस्टची ट्यूब असतेच. मी कॅप पुसली, पेस्ट लावली, आणि त्याच्याहून एक पायरी खाली गुडघ्यावर बसून त्याचा ओठ अंगठ्याने जरासा वर केला. अशी कामं मी प्लास्टरच्या साच्यांवर करते. साच्यांना श्वास नसतो... याला होता. कोमट, अडखळणारा. त्याने डोळे गच्च मिटले होते, पापण्या थरथरत होत्या. एवढा मोठा माणूस आणि दाताला हात लावला तर पाचावर धारण. मला हसू आलं.

कॅप बसल्यावर तो हळूच हसून पाहू लागला, मग त्याने विचारलं, की माझं इथे काय काम होतं.

"काही नाही," मी म्हटलं.

"इथे 'काही नाही'साठी कोणी येत नाही," तो म्हणाला. आवाजात खोच नव्हती, म्हणूनच मला राग आला. मी त्याला संध्याकाळपर्यंत कडक काही चावू नका असं बजावलं आणि निघाले. मागून त्याने त्याच्या ऑफिसचा पत्ता ओरडून सांगितला. रंगाच्या दुकानाच्या वर, पहिला मजला, लिफ्ट नाही. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता माझं 'काही नाही' काय होतं ते सांगते. आधी मी एका मोठ्या लॅबमध्ये नोकरीला होते, तिथे कर पगारातूनच कापला जायचा. मग मी स्वतःचं काम सुरू केलं. घराच्या मागच्या खोलीत लांब टेबल, घासायचं यंत्र, आणि पोर्सेलिन भाजायची भट्टी. भट्टी बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून आली. दवाखाने साचे पाठवायचे, मी दात करून द्यायचे, पैसे यायचे. मला वाटायचं, हेही कापूनच देत असतील. कोणी कापत नव्हतं. हे कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं आणि पैसे खर्च झाले होते. पुढच्या वर्षी भरू म्हटलं. पुढच्या वर्षी दोन्ही वर्षांचे द्यावे लागणार म्हणून तेव्हाही टाळलं. त्याच्या पुढच्या वर्षी तर मी आयकर हा शब्द वर्तमानपत्रात दिसला तरी पान उलटायला लागले. नोटिसा यायच्या. मी त्या न फोडता प्लास्टरच्या रिकाम्या पिशवीत टाकायचे. बाबा शेजारच्यांना सांगत, "आमच्या पोरीच्या हातचे दात घालून अर्धं गाव जेवतं." ते ऐकलं की मी मागच्या खोलीत जाऊन घासायचं यंत्र सुरू करायचे.

त्या भेटीनंतर आठवडाभरात एक नोटीस आली, तिच्यावरचे लाल शब्द पाकीट न फोडताही त्याच्या पारदर्शक खिडकीतून वाचता येत होते. जप्तीपूर्वीची अंतिम सूचना. मी भट्टीकडे पाहिलं. आत एका शाळेतल्या बाईंचे दोन दात भाजत होते. भट्टी गेली तर मी काय करणार होते... आणि बाबांना काय सांगणार होते?

रंगाच्या दुकानावरचा जिना अरुंद होता. मी पिशवी छातीशी धरून वर गेले. तो टेबलामागून उठला, आधी तोंडावर हात ठेवला, मग काढला. कॅप अजून तग धरून होती.

"'काही नाही' घेऊन आलात वाटतं," तो पिशवीकडे बघून म्हणाला.

मी रडले. ठरवलं नव्हतं, पण रडले. त्याने पाण्याचा ग्लास माझ्या हाताशी सरकवला आणि एकेक पाकीट फोडायला लागला. तारखेप्रमाणे लावायचा, वाचायचा, पेन्सिलीने काहीतरी लिहायचा. प्रत्येक पाकीट फाटताना मी डोळे मिटून घ्यायचे. शेवटी त्याने मला सांगितलं की मिटायची गरज नाही, सगळी संपली. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याचं नाव पाकीटफोडे ठेवलं.

पाकीटफोडे जे बोलला त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही. निम्मं आलं ते असं. मी रिटर्न भरलेच नव्हते, म्हणून खात्याने माझी कमाई अंदाजाने धरली होती आणि खर्च शून्य. पोर्सेलिनची पावडर, मेण, वीज, भट्टीची झीज, काहीच वजा नाही. आधी खरे रिटर्न भरायचे, म्हणजे मूळ आकडाच बराच खाली येईल. मग दंड माफ व्हावा म्हणून अर्ज. आणि उरलेल्याला हप्ते.

मी त्याच्यापुढे एक जाहिरात ठेवली. करातून कायमची सुटका, थोडक्या पैशांत मिटवून देऊ, आधी फी भरा. म्हटलं, हे लोक तर सगळंच माफ करून देतात.

त्याने ती वाचून परत दिली. थोडक्या पैशांत मिटवायची सोय आहे, पण ती ज्यांच्याकडे कमाईचं साधनच उरलं नाही त्यांच्यासाठी. माझे हात चालू होते, भट्टी चालू होती. मी त्यात बसत नव्हते. यांना फी दिली तर फी तेवढी जाईल.

"तुम्ही माझ्या बाजूचे की त्यांच्या?" मी फणकाऱ्याने विचारलं.

"तुमच्या," तो म्हणाला. "म्हणूनच गोड बोलत नाहीये."

मग त्याने एक कागद पुढे केला. अधिकारपत्र. मी सही केली की खातं माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलणार होतं. नोटीस त्याच्याकडे, फोन त्याला, सुनावणीला तो. मी सही केली. घरी येताना मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी माझ्यापुढे उभं आहे. त्या दिवशी मी पोस्टमन दिसला तरी वाट बदलली नाही.

खर्चाची मोजदाद करायला तो आमच्या मागच्या खोलीत येऊ लागला. बिलं कुठे आहेत विचारायचा, मी ड्रॉवर उघडून द्यायचे, तो कपाळाला हात लावायचा. बाबांना मी सांगितलं होतं की हा दाताचं काम घेऊन येतो. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. ती पाट्या टाकलेली कॅप रोज माझ्या डोळ्यांपुढे असायची, ती मला सहन होईना. मी त्याला माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तो आधी तीनदा टाळाटाळ करून मग गेला, आणि त्याचा साचा माझ्या टेबलावर आला.

रंग जुळवायला मी त्याला खिडकीत उभं केलं. बाहेर पाऊस नुकता थांबला होता, पागोळ्या ठिबकत होत्या, उजेड छान पांढरा होता. मी रंगांची पट्टी त्याच्या ओठांपाशी धरली. एकेक नमुना दाताशेजारी लावून पाहायचं, मागे सरायचं, पुन्हा जवळ जायचं.

"बोलू नका," मी म्हटलं.

तो बोलला नाही. पण बघत होता. दाताचा रंग ठरवायला मला सहसा एक मिनिट पुरतं. त्या दिवशी मी तोच नमुना पुन्हा पुन्हा लावून पाहत होते, आणि तो जुळतोय हे मला पहिल्याच वेळी दिसलं होतं.

"इतका अवघड रंग आहे?" त्याने शेवटी विचारलं.

"बोलू नका म्हटलं ना..."

दात झाला, बसला, सुरेख बसला. तो पैसे द्यायला लागला. मी नको म्हटलं. तो ऐकेना. माझ्याकडून फी घ्या आणि पावतीही द्या, म्हणाला, नाहीतर तुमच्या हिशेबात पहिला घोटाळा माझ्यामुळे व्हायचा. मी पावती लिहिली. ती घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली... आणि मग एकदम चटका बसल्यासारखी मागे गेली. त्याचा चेहरा उतरला. छत्री विसरून तो निघून गेला.

त्यानंतर तो आलाच नाही. फोनवर बोलायचा ते कोरडं, कामापुरतं. रिटर्न भरले. अर्ज केला. सुनावणीची तारीख आली. मी म्हटलं, तुमची छत्री राहिलीय. तो म्हणाला, राहू द्या. माझं काय चुकलं, हे मी भट्टीसमोर बसून शोधत राहिले, आणि एका आजींचे दात करपवले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाबांना सगळं सांगून टाकलं. भट्टी जाऊ शकते, तुमचे पैसे जाऊ शकतात, सगळं. मला वाटलं होतं ते कोसळतील. ते चिडले. पण भट्टीवरून नाही.

"आणि हे तू आधी एका परक्या माणसाला सांगितलंस? बापाला नाही?"

"तो परका नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या छत्रीकडे पाहिलं. मग म्हणाले की चहा कर. मी चहा टाकायला उठले, तेवढ्यात फोनवर खात्याचा संदेश आला. मी उभ्या उभ्या वाचला. 'आपल्या प्रतिनिधीने आपले अधिकारपत्र मागे घेतले आहे. यापुढील सर्व व्यवहार आपल्याशी थेट केला जाईल.'

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मी त्याला फोन केला. वाजत राहिला. ऑफिसला केला, तिथेही वाजत राहिला. बाबांनी विचारलं काय झालं, मी फोन त्यांच्या हातात दिला. ज्याने माझी सगळी पाकिटं फोडली, त्यानेच माझं काम टाकून दिलं होतं. तेही सुनावणीच्या आदल्या दिवशी. मला भट्टीची भीती वाटत होती की त्याच्या जाण्याची, ते मी तेव्हा सांगू शकले नसते. दोन्ही भीती एकाच जागी दुखत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी गेले. का गेले? चीड आली होती म्हणून गेले. भीतीने मी तीन वर्षं पळाले होते, पण चिडले की मी पळत नाही, हा माझा लहानपणापासूनचा स्वभाव आहे. बाबा सोबत येतो म्हणत होते, मी त्यांना फाटकाशी बसवलं. तिथला पहारेकरी मला ओळखून म्हणाला, पोस्ट नव्या जागेत गेलं. मी म्हटलं, आज इथेच काम आहे.

अधिकारीणबाईंना सर्दी झाली होती. टेबलावर गरम पाण्याचा ग्लास, नाक लाल. त्यांनी फाइल उघडली आणि विचारलं, तुमचे प्रतिनिधी कुठे आहेत?

मी खुर्ची पुढे ओढली. "माझ्या वतीने मीच आले आहे," मी म्हटलं.

मग त्यांनी विचारत जावं आणि मी सांगत जावं. पोर्सेलिन किती लागतं, एक दात किती वेळा भाजतात, मेण कशाला. त्याने माझ्याकडून सगळं इतक्यांदा वदवून घेतलं होतं की मला प्रत्येक आकड्याचा अर्थ ठाऊक होता. एवढी वर्षं रिटर्न का नाही भरले, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. नंतर भीती वाटली.

त्या नाक पुसत म्हणाल्या की भीती सगळ्यांनाच वाटते, पण भीती हे दंडमाफीचं कारण होत नाही. मात्र पहिलीच चूक होती, म्हणून पहिल्या वर्षाचा दंड त्यांनी काढला. पुढच्या वर्षांचा राहिला. बाकी सगळ्याला हप्ते दिले, दर महिन्याला, पुष्कळ लांबपर्यंत. हप्ते चालू आहेत तोवर जप्ती नाही. एक जरी चुकला तरी सगळी रक्कम एकदम. मी दोनदा विचारलं, भट्टी राहील ना? त्यांनी दोनदा हो म्हटलं.

बाहेर आले तर तो जिन्यातून धापा टाकत वर येत होता. भांग विस्कटलेला, हातात एक कागद फडफडत.

"आत गेलात? मी... हा कागद... तुमची सही..."

"झालं," मी म्हटलं. "हप्ते मिळाले. तुमच्याशिवाय मिळाले."

तो कठड्याला टेकला. मला वाटलं आता बरं वाटलं म्हणेल. त्याऐवजी मान खाली घालून त्याने जे सांगितलं ते ऐकून मला त्याचे कान धरावेसे वाटले. त्यांच्या ऑफिसचा नियम होता की ज्या माणसात आपला जीव गुंतलाय त्याचं काम आपण करायचं नाही. खर्च खरे की प्रेमाने फुगवलेले, असा संशय कोणी घेऊ नये म्हणून. त्याने त्याच्या वरिष्ठ बाईंना खरं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे त्याचं नाव काढलं, स्वतःच्या नावाचं नवं अधिकारपत्र त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, आजच सही आण, आणि कारण तुझ्या तोंडाने सांग. सहीला दोन मिनिटं लागली असती. कारणाने घोटाळा केला. काल तो दोनदा आमच्या फाटकापर्यंत येऊन परत गेला होता. फोन वाजत होता तेव्हा हातातच धरून बसला होता. आज सकाळी घरी गेला, तर आम्ही निघालेलो.

"म्हणजे मी इथे एकटी थरथर कापत होते," मी म्हटलं, "आणि तुम्ही तिकडे घाबरून बसला होतात?"

"हो."

"लोकांच्या वतीने दिवसभर बोलता ना हो तुम्ही?"

"लोकांच्या वतीने येतं," तो म्हणाला. "स्वतःच्या वतीने... कधी बोललो नाही."

मला भयंकर राग आला होता. तो खरा होता, आणि अजूनही आठवला की येतो. पण त्याच्या हातातला कागद इतका थरथरत होता की त्याचा आवाज येत होता. ती थरथर माझ्या ओळखीची होती.

"मग आता बोला," मी म्हटलं.

त्याने कागद घडी करून खिशात घातला. दोन माणसं फायली घेऊन आमच्या मधून वर गेली, ती जाईपर्यंत तो थांबला.

"माझं तुमच्यावर प्रेम आहे. लग्न कराल माझ्याशी? मी तुमचा सल्लागार राहिलेलो नाही, तेव्हा हा सल्ला नाही." मग घाईघाईने, "आत्ताच सांगायला पाहिजे असं नाही. अशा गोष्टीला मुदत मिळते. मागितली तर वाढवूनही मिळते..."

माझे दात पुन्हा वाजायला लागले होते. हप्त्यांचं ओझं डोक्यावर, बाबा खाली फाटकाशी, आणि हा माणूस ऐन वेळी पळू शकतो हे मी कालच पाहिलं होतं. पळणं काय असतं ते मला चांगलंच ठाऊक होतं. परत येणंही.

"मुदत नको मला," मी म्हटलं. "हो."

त्याला ऐकू आलं नसावं, कारण तो मुदतीचे नियम समजावतच राहिला. मी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, हो म्हटलं. मग त्याचा हात धरला आणि बाबांना सांगायला आम्ही जिना उतरू लागलो.